मानेवरची गाठ

शेतात अनवाणी चालताना पायात काटा मोडतो, जखम चिघळते आणि दुसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ येते. आपल्याकडे तिला अवधाण म्हणतात. जखम भरली की अवधाण आपोआप उतरते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे अंगावर गाठ दिसली की आपल्या माणसांना प्रथम भीती वाटत नाही. 'बसेल दोन दिवसांत' असे म्हणून ती कामाला लागतात. प्रस्तुत लेखात मी ज्या गाठीविषयी लिहिणार आहे ती मात्र आपोआप बसत नाही.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचेही एक जाळे असते. या जाळ्यावर मानेत, काखेत, जांघेत, त्याचप्रमाणे छातीच्या व पोटाच्या आत ठिकठिकाणी लसिकाग्रंथी असतात. या ग्रंथी म्हणजे शरीराची नाकीच होत. बाहेरून आलेल्या जंतूंना अडविणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथे वस्ती करून असतात. त्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशीच बेसुमार वाढू लागल्या म्हणजे जो कर्करोग होतो त्याला लिम्फोमा म्हणतात. याची गाठ बहुधा दुखत नाही. सायंकाळी बारीक ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आणि सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा कमी होणे ही आणखी लक्षणे सांगितली आहेत. ही लक्षणे क्षयरोगाचीही आहेत, हे वाचकांनी येथेच ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वैद्यकशास्त्राची नाही. या विषयाकडे मी वळले ती एका प्रश्नामुळे. माझे मामा २०२३ च्या आषाढात, तुकाराम महाराजांची पालखी अकलूजहून पुढे गेल्यानंतरच्या आठवड्यात, याच रोगाने वारले. ते एकेचाळीस वर्षांचे होते. दिवसकार्य आटोपल्यावर आईने मला विचारले, ''औषद हुतं न्हवं का गं? मग कसा गेला माझा भाऊ?'' त्याच महिन्यात मी महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. गेल्या दीड वर्षात जे वाचले, ज्या दोन-तीन डॉक्टरांना विचारले आणि मामांच्या फायलीतले जे कागद मी पुन्हा पुन्हा पाहिले, त्यांतून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील थॉमस हॉजकिन या डॉक्टरांनी १८३२ साली केले. म्हणून लिम्फोमाच्या एका प्रकाराला हॉजकिनचा लिम्फोमा म्हणतात आणि उरलेल्या सर्व प्रकारांना एकत्रितपणे 'नॉन-हॉजकिन' असे नाव आहे. पुढे १८९८ मध्ये स्टर्नबर्ग यांनी आणि १९०२ मध्ये डोरोथी रीड या विदुषींनी हॉजकिनच्या गाठीतील विशिष्ट मोठ्या पेशी दाखवून दिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या घुबडाच्या डोळ्यांसारख्या दिसतात असे म्हणतात. गंमत अशी की, संपूर्ण गाठीत या पेशी अगदी थोड्या असतात, बाकीचा सारा साध्या पेशींचा गराडा. साहजिकच सुईने चार थेंब ओढून तपासले तर त्या सापडतीलच असे नाही. शक्य तर सबंध गाठ काढून तपासावी लागते. आपण ज्याला 'तुकडा तपासणे' म्हणतो ते येथे टाळून चालत नाही.

औषधांचा इतिहास तर एखाद्या कादंबरीसारखा आहे. १९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या दोघांनी युद्धातल्या विषारी मस्टर्ड वायूच्या जातीचे एक रसायन लिम्फोमाच्या एका रुग्णाला टोचले. गाठी भराभर वितळल्या. पण काही आठवड्यांतच त्या परत आल्या आणि रुग्ण दगावला. गाठ दिसेनाशी होणे आणि रोग जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पहिल्याच रुग्णाने दाखवून दिले होते.

दुसरी गोष्ट सदाफुलीची. आपल्या दारात, परसात, एसटी स्टँडच्या कडेला, कोणी पाणी न घालताही जी फुलते तीच ही सदाफुली. मूळची मादागास्करची. आपल्याकडे साखरेचा आजार असलेली माणसे तिची पाने चावून खातात. तसाच समज वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावरही होता. तेथून आलेली पाने कॅनडातील रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवर तपासली. रक्तातील साखर कमी झाली नाही, परंतु पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. यातून नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हे द्रव्य जगापुढे आणले. त्याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टिन निघाले. दोन्ही औषधे आजही लिम्फोमाच्या उपचारांत रोज वापरली जातात. (कोणी सदाफुलीचा रस काढून पिण्याच्या भरीस पडू नये. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून हे द्रव्य जेमतेम ग्रॅमभर निघते, आणि ते अचूक मात्रेत शिरेतूनच द्यावे लागते.)

एकेका औषधाने गाठ जाते आणि परत येते, असे अनुभव आल्यावर अमेरिकेतील व्हिन्सेंट डिव्हिटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधे एकदम, ठरावीक अंतराने, पुष्कळ महिने देऊन पाहिली. १९७० साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि पसरलेला हॉजकिनचा रोगही बरा होऊ शकतो हे जगाला मान्य करावे लागले. १९७५ साली इटलीतील मिलान शहराच्या जियान्नी बोनाडोना यांनी दुसऱ्या चार औषधांचा संच मांडला. त्या औषधांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'एबीव्हीडी' म्हणतात. यातले एक औषध इटलीतील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून, दुसरे जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेले, तिसरे आपल्या सदाफुलीतले आणि चौथे प्रयोगशाळेत तयार केलेले. हा संच पन्नास वर्षांनंतरही जुना झालेला नाही आणि आपल्या देशात तो तयार मिळतो. नॉन-हॉजकिनच्या सर्वांत आढळणाऱ्या प्रकारासाठी 'चॉप' नावाचा असाच एक संच आहे.

येथे एक शंका येते. गाठ दोन महिन्यांत हाताला लागेनाशी झाली, तर औषध सहा महिने कशाला? याचे उत्तर मला शेतातल्या हरळीवरून समजले. ऊस खुरपून झाल्यावर सरी कशी स्वच्छ दिसते! पण जमिनीखाली हरळीची मुळे असतात आणि एका पाण्यात ती पुन्हा वर येतात. बोराएवढ्या गाठीत सुमारे १०० कोटी पेशी असतात. औषधाचा प्रत्येक डोस ठरावीक संख्येने नव्हे, तर ठरावीक प्रमाणात पेशी मारतो. समजा, शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या. तरी १ कोटी उरल्या. पुन्हा तेच झाले तरी १ लाख उरल्या. बोटाला तर त्या केव्हाच लागत नाहीत, आणि दोन डोसांच्या मधल्या काळात त्या वाढतच असतात. म्हणून गाठ गेल्यानंतरचे डोस हे गाठ असतानाच्या डोसांइतकेच महत्त्वाचे असतात.

लिम्फोमा औषधाने बरा होतो, हा शोध केवळ श्रीमंत देशांतच लागला असे मात्र नाही. आफ्रिकेतील युगांडा देशात, कंपाला शहरातील रुग्णालयात डेनिस बर्किट नावाचे शल्यवैद्य होते. जबड्याला भयंकर गाठ आलेली लहान मुले त्यांच्याकडे येत. १९५८ साली त्यांनी या रोगाची माहिती प्रसिद्ध केली. १९६१ मध्ये दोन मित्रांसह एका जुन्या मोटारीतून त्यांनी आफ्रिकेतील सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास केला आणि हा रोग कोठे आढळतो, कोठे आढळत नाही, याचा नकाशा तयार केला. किरणोपचाराचे यंत्र तेथे नव्हते, म्हणून त्यांनी औषधेच वापरली, आणि काही मुले थोड्याशा डोसांतच कायमची बरी झाली. त्याच गाठींतून १९६४ साली एप्स्टाइन, अचोंग व बार यांनी एक विषाणू शोधून काढला. दाटीवाटीच्या वस्तीत तो लहानपणीच मुलांना गाठतो. आपल्या देशात मुलांना होणाऱ्या हॉजकिनच्या रोगातही तो वारंवार आढळतो. श्रीमंत देशांत हॉजकिनचे रुग्ण ऐन तारुण्यात किंवा उतारवयात दिसतात, तर आपल्यासारख्या देशांत ते बालवयापासूनच दिसतात, यामागे हे एक कारण असावे असे मानले जाते.

आता आकड्यांकडे वळू. २०२० सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे सुमारे ३६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे २० हजार मृत्यू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत नव्या रुग्णांचा अंदाज सुमारे ७७ हजार होता, आणि मृत्यू? तेही सुमारे २० हजारच! हे दोन आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा काही तरी चुकले असे वाटून पुन्हा तपासले. रुग्ण निम्मे आणि मृत्यू तितकेच. हॉजकिनच्या रोगाचे चित्रही असेच आहे. अमेरिकेत २०२० साली साडेआठ हजारांच्या आसपास नवे रुग्ण आणि हजाराच्या आत मृत्यू, म्हणजे जवळजवळ नवास एक. सर्व जगाचा हिशेब घेतला तर ८३ हजार रुग्ण आणि २३ हजार मृत्यू, म्हणजे चारांसही एकापेक्षा जास्त. अर्थात या हिशेबात सावधगिरी हवी. एका वर्षी मरण पावणारे रुग्ण त्याच वर्षीचे असतात असे नाही, शिवाय आपल्या देशात निदानच न झालेले कितीतरी असतील. प्रकारही सगळीकडे सारख्याच प्रमाणात नसतात. तथापि, एवढी तफावत केवळ मोजदादीच्या चुकीने पडेल असे मला वाटत नाही.

मग ही तफावत कोठून येते? आपले डॉक्टर कमी शिकलेले आहेत म्हणावे, तर तसे नाही. भारतातील मोठ्या केंद्रांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष पाहिले तर ज्यांनी हॉजकिनचे उपचार वेळेवर सुरू करून पुरे केले, त्यांचे बरे होण्याचे प्रमाण परदेशाच्या फार मागे नाही. म्हणजे तफावत पडते ती पहिल्या डोसाच्या आधी आणि शेवटच्या डोसाच्या आत. मामांच्या बाबतीत या दोन्ही ठिकाणी काय झाले ते सांगते.

मामा ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक होते. २०२० च्या दिवाळीत त्यांच्या मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली. 'गंडमाळ असेल' असे वडीलधारी माणसे म्हणाली. एका दवाखान्यात सुई घालून तपासले, त्यात निश्चित काही कळले नाही. संध्याकाळी ताप येतो, घाम येतो, माणूस वाळत चालला आहे, असे पाहून क्षयाच्या गोळ्या सुरू करण्यात आल्या. यात मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा तरी आपल्या देशात आहे. मानेवर गाठ आणि ताप असलेला माणूस समोर आला तर क्षयाचा तर्क पुष्कळदा खराही ठरतो. प्रश्न असा की, दोन महिने गोळ्या घेऊनही गाठ वाढतच असेल तर सबंध गाठ काढून तपासायला हवी होती. ती तपासणी सहा महिन्यांनी झाली. मध्ये कोरोनाची दुसरी लाट येऊन गेली, तेव्हा मोठ्या रुग्णालयांत इतर रुग्णांना जागा नव्हती. आणखी एका ठिकाणी ताप जावा म्हणून त्यांना स्टिरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी गाठ आठ दिवस लहान झाली आणि घरात आनंद झाला. या गोळ्या लिम्फोमाला तात्पुरत्या दबवतात आणि निदान अधिकच अवघड करतात, हे मला फार नंतर वाचायला मिळाले. जुलै २०२१ मध्ये हॉजकिनचा लिम्फोमा हे नाव कागदावर आले, तेव्हा रोग पोटातल्या ग्रंथींपर्यंत पोहोचला होता. त्याला तिसरी पायरी म्हणतात. तिसऱ्या पायरीवरही हा रोग बरा होऊ शकतो.

ऑगस्टमध्ये एका मोठ्या शहरातील रुग्णालयात उपचार सुरू झाले. धाकटे मामा बरोबर जात. दर पंधरा दिवसांनी एक फेरी. परत आले की फाईल माझ्याकडे येई, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच. मी त्या वर्षी दहावी झाले होते, तीही परीक्षा न देता, कारण कोरोनामुळे २०२१ ची परीक्षाच रद्द झाली होती. फायलीवर लिहिले होते, 'एबीव्हीडी, सहा सायकल'. सायकल म्हणजे काय ते मी शब्दकोशात पाहिले. 'आवर्तन, फेरी' असा अर्थ होता. मी सर्वांना सांगितले, सहा फेऱ्या आहेत. मामा थट्टेने म्हणायचे, ''तीन सायकली झाल्या पोरी, अजून तीन हाणायच्यात.''

वस्तुतः या औषधाचे एक आवर्तन अठ्ठावीस दिवसांचे असते आणि त्यात औषध दोनदा द्यायचे असते, पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी. सहा आवर्तने म्हणजे बारा फेऱ्या. कागदावर प्रत्येक तारखेपुढे '१ ए', '१ बी', '२ ए', '२ बी' असे बारीक अक्षरात लिहिलेलेही होते. ते मी पाहिले होते. त्याचा अर्थ लावण्याची गरज मला वाटली नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर सहावी फेरी झाली. गाठ तोपर्यंत पूर्ण गेली होती. मामांचे वजन वाढले होते, केस मात्र गेले होते. त्याच सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटले. मामांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. ती फेडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. पुढची तारीख कार्डावर होती, पण सहा झाल्या असे मीच सांगितल्यामुळे ती तारीख नुसती दाखवायला जाण्याची असेल असे सर्वांनी धरले. 'हंगाम संपला की दाखवून येऊ' असे ठरले. ऑक्टोबरच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिलपर्यंत चालला. तो हंगाम तर इतका लांबला की, जून उजाडला तरी ऊस उभा होता. रुग्णालयाने फोन केलाही असेल, पण फायलीवर लिहिलेला क्रमांक आमच्या जुन्या सिमकार्डाचा होता आणि ते बंद पडले होते. २०२२ च्या होळीला मामांनी दाढी करताना मानेवर हात फिरविला, तेव्हा गाठ परत आली होती.

परत आलेला रोग पूर्वीच्या औषधांना सहज दाद देत नाही. मग अधिक कडक औषधे, आणि ती लागू पडली तर रुग्णाच्याच मूळपेशी काढून ठेवून त्याच्यावर प्रत्यारोपण करावे लागते. त्यासाठी महिनोन् महिने शहरात राहायला हवे. मामांची तेवढी ताकद राहिली नाही. शेवटी फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला.

आता एक अर्थशास्त्राचा मुद्दा. मामांच्या औषधाला जवळजवळ पैसा लागला नाही. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. रेशनकार्डावर कर्करोगाचे उपचार या योजनेत होतात. २०२३ साली शासनाने कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला. परंतु या योजनेच्या कार्डावर मजुरीचा खाडा भरून मिळत नाही. धाकट्या मामांच्या वहीत मी हिशेब पाहिला. दोघांचे भाडे, जेवण, राहणे मिळून एका फेरीला दीड-दोन हजार रुपये आणि दोन माणसांची तीन-तीन दिवसांची मजुरी. औषध फुकट असूनही प्रत्येक फेरीला घरातून एक शेळी जावी असा तो हिशेब होता, आणि एकदा खरोखरच गेली.

मुंबईचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. देशभरातले गरीब रुग्ण आजही तेथे येतात आणि त्यांतील बहुसंख्यांवर मोफत किंवा अल्प खर्चात उपचार होतात. मात्र रुग्णालय उपचार देते, बिऱ्हाड देत नाही. म्हणून दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा या रुग्णांना आसरा देते. गाडगेबाबांनी तीर्थक्षेत्री यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. त्यांच्या नावाच्या वास्तूत आज कर्करोग्यांची अंथरुणे पडतात, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात यायला हवी असे मला वाटते. उपचाराच्या निकालात या अंथरुणाचाही वाटा आहे, कारण ज्याला राहायला जागा मिळते तो सातव्या फेरीलाही येतो.

नव्या औषधांविषयी थोडक्यात. १९९७ साली अमेरिकेत रिटुक्सिमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते लिम्फोमाची पेशी ओळखून तिलाच जाऊन चिकटते. २००२ साली फ्रान्समधील कोइफिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९९ वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या 'चॉप'ने शंभरातील ६३ जणांचा रोग पूर्ण दिसेनासा झाला होता, रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७६ जणांचा झाला. किंमत मात्र भारतीयांच्या आवाक्याबाहेरची होती. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याच धर्तीचे औषध सुमारे निम्म्या किमतीत बाजारात आणले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीने टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या 'कार-टी' उपचाराला भारतात मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. यात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवून परत सोडतात. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार येथे चाळीस लाखांच्या आसपास होऊ लागला. हा अभिमानाचा विषय आहेच. पण वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना माझ्या मनात धाकट्या मामांची वही होती.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका कामाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. टेंभुर्णी-कुर्डुवाडीमार्गे गेले की बार्शी लागते. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तसेच शेजारच्या धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात घेतली होती. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या दप्तरांवरून करता येते. पण खेड्यातला रुग्ण दप्तरापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून डॉ. बी. एम. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट वाट धरली. त्यांचे कार्यकर्ते गावोगाव जात, सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटत, कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये ते सांगत आणि संशय आल्यास रुग्णाला घेऊनच येत. काही वर्षांत असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या पायरीवर येऊ लागल्या आहेत आणि अधिक काळ जगत आहेत. यात नवे औषध कोणतेच नव्हते. तो रोग वेगळा, लिम्फोमा वेगळा, हे खरे. लिम्फोमा विरळ असल्यामुळे त्यासाठी घरोघर तपासणी करणे परवडणारही नाही. परंतु सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली न दुखणारी गाठ दिसली तर तुकडा तपासायला पाठवा, आणि केमोला गेलेला माणूस पुढच्या तारखेला गेला की नाही ते विचारा, एवढे काम गावातल्या आशाताईंनाही करता येईल. त्यांच्या वहीत गरोदर बाईची तारीख असते, बाळाच्या लसीची तारीख असते. तशीच ही एक तारीख.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मी गेल्या वर्षी दिले. औषध होते, ते बारा वेळा घ्यायचे होते, आपण सहा वेळा घेतले, आणि सहा मी सांगितले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''तुला तरी कुणी समजून सांगितलं हुतं?'' आणि चुलीकडे वळली. बारा डोस झाले असते तर मामा वाचलेच असते असे कोणी खात्रीने सांगू शकणार नाही. तिसऱ्या पायरीवरच्या सर्वांनाच यश येते असे नाही. एवढे मात्र मी तिला सांगितले नाही.

आमच्या वस्तीपलीकडच्या घरात अकरावीतला एक मुलगा आहे. गेल्या सप्टेंबरात त्याला हाच रोग असल्याचे निदान झाले. त्याच्या फायलीवरही 'सहा सायकल' असेच लिहिले आहे. मी त्यांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनने पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने गोल काढून दिले आणि फायलीवरचा फोन नंबर चालू आहे ना, तेही लावून पाहिले. नोव्हेंबरात त्याची गाठ हाताला लागेनाशी झाली. त्याच्या आजीने मला मुद्दाम बोलावून विचारले, ''आता बास न्हवं का गं?'' तेव्हा मी त्यांना हरळीची गोष्ट सांगितली. ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. जानेवारीत दिनदर्शिका बदलली, तेव्हा उरलेले चार गोल मी नवीवर उतरवून दिले. त्यांतला एक खोडून झाला आहे.